खुंटीवरची टोपी

हार्विक या लहान गावातल्या तपासणी केंद्रात डॉक्टर आहेत की नाहीत हे कळायला डॉक्टरांना पाहावं लागत नसे. सीटीच्या खोलीबाहेर एक खुंटी होती. तिच्यावर बियाण्यांच्या सोसायटीची हिरवी, कपाळाशी घामाने काळवंडलेली टोपी लटकत असली म्हणजे डॉक्टर ऑर्व्हिल स्टेन्सरुड इमारतीत आहेत. टोपी नसली म्हणजे नाहीत. हा नियम कुणी कागदावर लिहिला नव्हता, पण टेबलावर झोपलेल्या पेशंटच्या शिरेत चित्र स्पष्ट यावं म्हणून कॉन्ट्रास्टचं औषध सोडण्याआधी मशीन चालवणारी तंत्रज्ञ माइ वांग दारातून मान बाहेर काढायची, टोपी बघायची आणि मगच बटण दाबायची.

डॉक्टर लागायचे ते याच एका कारणासाठी. साधा सीटी काढायला मशीन आणि माइ पुरेशी होती. कॉन्ट्रास्ट द्यायचा म्हटलं की इमारतीत डॉक्टर हवेच, कारण क्वचित एखाद्याच्या अंगाला ते औषध सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, आणि मग जे करायचं ते तिथल्या तिथे करावं लागतं. एरवी दिवसचे दिवस काही होत नाही. म्हणजे डॉक्टरांनी यायचं, टोपी टांगायची, बसायचं, टोपी काढायची, जायचं. या बसण्याचा त्यांना पगार होता.

केंद्राची मॅनेजर लॉर्ना ग्रोथे हिला माणसं मनातल्या मनात दोन रकान्यांत टाकायची सवय होती. कामाची एकीकडे, शोभेची दुसरीकडे. माइ पहिल्या रकान्यात सगळ्यांत वर. बर्फ काढणारा पोरगा वेळेवर आला तर पहिल्यात, नाही तर दुसऱ्यात. स्वतःच्या नवऱ्याला तिने लग्नानंतर काही वर्षं पहिल्यात ठेवून पाहिलं होतं. डॉक्टर ऑर्व्हिल मात्र पहिल्या दिवसापासून दुसऱ्या रकान्यात होते आणि तिथून हलायची त्यांनी काही खटपटही केलेली नव्हती. पूर्वी गालिच्यांचं दुकान असलेल्या त्या इमारतीत मागच्या बाजूला, जिथे नमुन्यांच्या गुंडाळ्या ठेवायचे, त्या खोलीत ते भिंगाचा दिवा लावून बसत आणि कोंबड्याच्या पिसांपासून मासेमारीच्या गळाला लावायच्या खोट्या माश्या बांधत. शहात्तरीच्या बोटांना कंप नव्हता. लॉर्ना दारावरून जाता जाता म्हणायची, "डॉक्टर, आज किती माश्या मारल्यात?" आणि ते वर न बघता म्हणायचे, "मारत नाही गं, जन्माला घालतोय. तुलाही मीच घातलं होतं, आठवण असू दे."

ही अडचण होती. गावातली निम्मी माणसं या म्हाताऱ्याच्या हातात पहिल्यांदा रडली होती, त्यांत लॉर्नाही होती. तिला जेवढं बोलावंसं वाटे तेवढं बोलता येत नसे.

बुधवारी सकाळी पेशंट येण्याआधी डॉक्टर सगळ्यांना गोळा करून संत्री वाटत. खायला नव्हे, टोचायला. तातडीची सुई कशी धरायची, मांडीच्या बाहेरच्या बाजूला कपड्यावरूनच कशी मारायची, हे ते दर बुधवारी नव्याने दाखवत, जणू कालपर्यंत जगात कुणी सुई मारलीच नव्हती. वर एक वाक्य ठरलेलं असे. "घसा आवळला की मला शोधायचं नाही. आधी सुई, मग मी." माइ इमानाने संत्रं टोचायची. लॉर्नाला बुधवारी नेमका फोन यायचा. चांगल्या संत्र्यांची ही नासाडी तिला बघवत नसे, आणि डॉक्टर पगारी बसलेले असताना आपण सुया का शिकाव्यात हे तिला कळत नसे.

तरी हार्विकमध्ये कॉन्ट्रास्ट आला तो लॉर्नाच्याच हट्टाने. तिच्या बहिणीचं, बेव्हचं, आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि दर काही महिन्यांनी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी काढावा लागे. त्यासाठी शहरात जायचं. एका फेब्रुवारीत परत येताना गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली आणि दोघी बहिणींनी पेट्रोलपंपाच्या बाकावर, शिळ्या डोनटवर रात्र काढली. बेव्हने त्या बाकावरच जाहीर केलं की पुढची तपासणी ती करणार नाही, आणि जे काय वाढायचं असेल ते पोटात वाढो. त्यानंतर लॉर्नाने केंद्र चालवणाऱ्या शहरातल्या कंपनीच्या इतक्या खेपा घातल्या, इतक्या जणांना फोनवर पिडलं, की शेवटी कंपनीने डॉक्टर मिळाला तर हार्विकला कॉन्ट्रास्ट देऊ असं कबूल केलं. डॉक्टर कोण येणार या गावात? ऑर्व्हिल निवृत्त होते. त्यांची बायको आल्मा केंद्राच्या मागच्या रस्त्यापलीकडे पाइनव्ह्यू नावाच्या वृद्धाश्रमात होती. तिला नवऱ्याचं नाव आठवत नव्हतं, पण घास त्याच्याच हातून घ्यायची. ते म्हणाले, "मी तसाही समोरच असतो."

दुपारी ते टोपी घालून मागच्या दाराने पलीकडे जात, आल्माला भरवत आणि परत येऊन टोपी टांगत. तेवढा वेळ कॉन्ट्रास्ट बंद. लॉर्नाला तो रिकामा तास बोचायचा. तिने कंपनीला सुचवून पाहिलं होतं की हल्ली बाहेरगावचे डॉक्टर संगणकाच्या पडद्यावरून देखरेख करतात, तसं करा आणि म्हाताऱ्याला मोकळं करा. उत्तर आलं की जिथे नर्स नाही तिथे पडदा नाही. आणि नाताळाआधी कंपनीचं दुसरं पत्र आलं: ज्या केंद्रात देखरेखीत एकदाही खंड पडेल, तिथला कॉन्ट्रास्ट बंद करून पेशंट शहरात पाठवले जातील. लॉर्नाने ते जेवणाच्या खोलीत फ्रिजवर चुंबकाखाली लावलं आणि डॉक्टरांना वाचून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं."

जानेवारीतल्या त्या दिवशी थंडी अशी होती की थर्मामीटर बघण्यात अर्थ नव्हता. बेव्हची वेळ सकाळची होती. पण तिच्या रस्त्यावर बर्फ सारणारी गाडी आलीच नाही, आणि ती पोचली तेव्हा डॉक्टरांची आल्माला भरवायला जायची वेळ येऊन ठेपली होती. कोट, स्वेटर, दुसरा स्वेटर असं एकेक काढत ती रस्ताखात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

माइ तिच्या हातावर शीर शोधत होती. बेव्ह म्हणाली, "शोध, शोध. माझ्या शिरा आमच्या लॉर्नाच्या दिलदारपणासारख्या आहेत. आहेत, पण खोल."

लॉर्ना दारात उभी होती. घड्याळाकडे बघत होती. आत्ता झालं नाही तर डॉक्टर पलीकडे जाणार, ते येईपर्यंत बेव्ह थांबणार, बेव्हमागून दुपारचे सगळे खोळंबणार, संध्याकाळी कुणाला तरी परत पाठवावं लागणार. शीर सापडली. माइने नेहमीसारखी मान बाहेर काढली आणि जरा घुटमळली. म्हणाली की डॉक्टरांची जायची वेळ झाली, एकदा आत डोकावून येते.

"टोपी आहे ना?" लॉर्ना म्हणाली. "मग कर सुरू."

टोपी होती. हिरवी, खुंटीवर, रोजच्या जागी. माइने बटण दाबलं.

औषध आत शिरताना अंगातून ऊब सरकत खाली जाते आणि माणसाला वाटतं आपल्याला लघवी झाली. बेव्ह हे दर खेपेला मोठ्याने सांगायची. या खेपेलाही सांगितलं. मग ती शिंकली. पुन्हा शिंकली. तळहात खाजतायत म्हणाली. माइने मशीन थांबवून टेबल बाहेर घेतलं तोवर बेव्हच्या गळ्यावर लाल चट्टे उठले होते, आणि पुढचं वाक्य बोलायला तिने तोंड उघडलं तेव्हा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी निघाला, घोगरा, बारीक.

माइने घंटा दाबली. मागच्या खोलीत घंटा वाजलेली लॉर्नाला ऐकू आली. कुणी उठलं नाही. ती धावत गेली. भिंगाचा दिवा चालू होता, चिमट्यात अर्धी बांधलेली माशी होती, खुर्ची रिकामी होती. लॉर्ना परत वळली आणि खुंटीकडे बघत उभी राहिली. टोपी तिथेच होती. तिला पुढे बराच काळ त्या क्षणाची लाज वाटत राहिली, कारण तेवढ्यातही तिचं डोकं हिशेबच करत होतं: टोपी आहे, म्हणजे डॉक्टर आहेत, मग कुठे आहेत?

मग तिला मागच्या दाराशेजारचं रिकामं हूक दिसलं आणि उमगलं. नाताळात केंद्रात एकमेकांना भेटी द्यायची पद्धत होती. चिठ्ठीत डॉक्टरांचं नाव लॉर्नाला आलं होतं आणि तिने त्यांना कान झाकणारी लोकरीची मोठी टोपी दिली होती. तीन आठवडे ती त्या हुकावर पडून होती. आज थंडीने कहर केल्यावर म्हाताऱ्याने ती घातली होती, आणि हिरवी राहिली होती खुंटीवर.

लॉर्ना तशीच, कोटाशिवाय, मागच्या दाराने बाहेर पडली. जाताना सीटीच्या खोलीत तिने एवढंच पाहिलं की माइ दाराकडे बघत नाहीये. माइच्या हातात सुई होती आणि ती बेव्हच्या मांडीवर, पँटवरूनच, संत्र्यात मारावी तशी मारत होती.

पाइनव्ह्यूच्या भोजनगृहात डॉक्टर आल्मासमोर बसले होते. चमच्यात जंगली तांदळाचं सूप होतं. लॉर्ना दारातून एवढंच म्हणाली, "बेव्ह. कॉन्ट्रास्ट. घसा." डॉक्टरांनी चमचा शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंच्या हातात दिला आणि उठले. नवी टोपी खुर्चीवरच राहिली. बर्फाने काचेसारख्या झालेल्या त्या रस्त्यावर लॉर्नाने त्यांचा दंड धरला होता, पण कोण कुणाला सावरत होतं हे सांगणं कठीण होतं.

ते पोचले तेव्हा बेव्हला श्वास येत होता. माइने तिचे पाय उंच केले होते, ऑक्सिजन लावला होता, ॲम्ब्युलन्सला फोन केला होता. डॉक्टरांनी नाडीवर बोटं ठेवली, छातीला स्टेथोस्कोप लावला, आणखी एक औषध द्यायला सांगितलं. मग त्यांनी माइला विचारलं, "सुई कधी दिलीस?"

"घसा आवळल्याबरोबर."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. तुम्हीच म्हणता ना, आधी सुई."

"वाईट नाही," डॉक्टर म्हणाले. हार्विकमध्ये याहून मोठी शाबासकी कुणाच्या ऐकिवात नाही. माइ बाहेर गेली आणि हात धुण्याच्या बेसिनशी उभं राहून जरा रडली. मग परत येऊन तिने दुपारच्या पेशंटना फोन लावायला घेतले.

बेव्हला देखरेखीसाठी गावातल्या छोट्या इस्पितळात नेलं. ती धोक्याबाहेर आहे असं कळल्यावर डॉक्टर लॉर्नाच्या केबिनमध्ये आले. हातात हिरवी टोपी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, लिही, मी इमारतीत नव्हतो.

लॉर्नाच्या समोर कंपनीचा फॉर्म होता. ती तोवर तीन वेगवेगळ्या वाक्यांवर येऊन थांबली होती. तिने त्यांतलं सगळ्यांत बरं वाक्य वाचून दाखवलं. पेशंटला त्रास होताच तातडीचं इंजेक्शन दिलं गेलं, डॉक्टरांना बोलावलं आणि ते लगेच आले. ती म्हणाली, "यात एक शब्द खोटा नाही."

"एक शब्द खोटा नाही," डॉक्टर म्हणाले, "आणि वाक्य एकही खरं नाही."

मग लॉर्नाने मनातलं सगळं बाहेर काढलं. फ्रिजवरचं पत्र आठवतंय ना? खंड पडला असं लिहिलं की हार्विकचा कॉन्ट्रास्ट गेला. मग आपल्या पेशंट नेल्सनबाईंनी एका डोळ्याने शहरापर्यंत गाडी चालवायची. लेकशोअरच्या शेतांवरच्या लोकांनी दूध काढायचं टाकून दिवस घालवायचा. बेव्हने बाकावर बसून शपथा घ्यायच्या. आणि कशासाठी? कुणी मेलं नाही. जे करायचं ते सगळं बरोबर झालं.

"बेव्हचं म्हणशील तर तिचा हिशेब तू यात धरूच नकोस," डॉक्टर म्हणाले. "तू काहीही लिही, हे औषध तिला इथे पुन्हा कुणी देणार नाही. तिला आता मोठ्या इस्पितळातच जावं लागणार. सगळ्या गावाला उपयोगी पडेल आणि नेमकं तिला नाही, असं झालंय हे."

लॉर्नाने हे धरलं नव्हतं. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मग बेव्हलाच विचारते."

बेव्ह पलंगावर बसून इस्पितळाची हिरवी जेली खात होती आणि जेलीला नावं ठेवत होती. चेहरा अजून सुजलेला होता. लॉर्नाने तिला सगळं सांगितलं. टोपीचं, वाक्याचं, पत्राचं. एक गोष्ट मात्र सांगताना तिची जीभ अडली, आणि ती सांगायच्या आत बेव्हच बोलली.

"'टोपी आहे ना, मग कर सुरू.' ऐकलं मी. मशीनमध्ये घातलं म्हणून माणसाचे कान बंद होत नाहीत."

लॉर्ना पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली.

"लहानपणी आई विचारायची, अंगणातला घोडा बांधलास का," बेव्ह म्हणाली. "तू खिडकीतून दावं बघायचीस आणि हो म्हणायचीस. घोडा कधी बघितलास का तू?"

"घोडा एकदाच सुटला."

"एकदाच सुटतो, लॉर्ना." बेव्हने जेली बाजूला सारली. "तू ते वाक्य पाठवलंस तर टोपी तिथेच राहील. पुढच्या खेपेला टेबलावर मी नसेन, नेल्सनबाई असतील. माइ सुट्टीवर असेल आणि तिच्या जागी कुणी तरी नवी असेल, संत्रं न टोचलेली. आणि तू दारात उभी राहून घड्याळ बघत असशील." मग तिने लॉर्नाचा हात धरला. त्या बहिणींमध्ये हे फारसं घडत नसे, त्यामुळे दोघींनाही जरा अवघडल्यासारखं झालं. "आता घरी जा. आणि माझी मांजर उपाशी आहे, तेवढं बघ."

लॉर्नाने मांजरीला खायला घातलं आणि फॉर्म भरला. डॉक्टर इमारतीत नव्हते. डॉक्टर आहेत याची खात्री टोपीवरून केली जात असे. तंत्रज्ञ खात्री करून घ्यायला निघाली असताना मॅनेजरने तिला थांबवलं. हे शेवटचं वाक्य लिहून तिने स्वतःला पहिल्या रकान्यातून काढून दुसऱ्यात टाकलं, आणि बटण दाबून फॉर्म पाठवून दिला.

दुसऱ्याच दिवशी हार्विकचा कॉन्ट्रास्ट बंद झाला. डॉक्टर तरीही सकाळी आले, टोपी खुंटीवर टांगणार तोच थांबले आणि ती खिशात घालून घरी गेले.

त्या आठवड्यात लॉर्नाने बेव्हला गाडीत घालून शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या लोकांनी कॉन्ट्रास्टच्या जागी दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या पद्धतीने तपासणी केली. निकाल चांगला आला. परतीच्या वाटेवर तो पेट्रोलपंप लागला तेव्हा बेव्हने गाडी थांबवायला लावली आणि त्याच बाकावर बसून डोनट खाल्ला. अजूनही शिळाच होता.

मग कंपनीच्या मुख्य डॉक्टर, नोरीन केसलर, स्वतः आल्या. पायांत शहरी बूट होते आणि दारापर्यंत येताना त्या दोनदा घसरल्या. लॉर्ना निकाल ऐकायला तयार होऊन बसली होती. पण डॉक्टर केसलर आधी खुंटी बघायला गेल्या, मग मागचं दार, मग ते रिकामं हूक. माइकडून त्यांनी सगळी घटना पहिल्यापासून ऐकली. सुई किती लवकर दिली हे दोनदा विचारलं आणि कुणी शिकवलं तेही. संत्र्यांचं ऐकून त्या हसल्या नाहीत. त्यांनी लॉर्नाला विचारलं, "तुम्ही टोचता संत्रं?"

लॉर्ना म्हणाली की तिला बुधवारी फोन असतात.

फ्रिजमध्ये संत्रं होतं. लॉर्नाने सरावाची सुई हातात घेतली, उलटी धरली, आणि स्वतःचा अंगठा थोडक्यात वाचला. माइने काही न बोलता तिच्या हातातली सुई सुलटी केली.

नंतर केबिनमध्ये लॉर्नाने आपला प्रस्ताव मांडला. तो तिने मांजरीला खायला घालता घालता जुळवला होता. दिवसभर पडदा नको, नर्स नाही हे मान्य. पण डॉक्टर पलीकडे जातात तेवढाच वेळ पडद्यावरचा डॉक्टर द्या. त्या वेळात माइसोबत दुसरं सुई शिकलेलं माणूस खोलीत उभं राहील. ते माणूस मी. खुंटी बंद. औषध सोडण्याआधी माइ मोठ्याने विचारणार आणि डॉक्टर मोठ्याने उत्तर देणार. आवाज आला नाही तर औषध नाही, मग बाहेर रांग लागो की बर्फ पडो.

डॉक्टर केसलर यांनी प्रस्ताव लिहून घेतला. मग म्हणाल्या, "ते पत्र मीच पाठवलं होतं. त्यानंतर सगळ्या केंद्रांकडून एकच उत्तर येतं, कुठेही खंड नाही. आता एक तर दुपारी बाहेर जाणारे डॉक्टर फक्त तुमच्याकडे आहेत, किंवा लिहिता येणारी मॅनेजर फक्त तुमच्याकडे आहे."

"दोन्ही असतील," लॉर्ना म्हणाली. "आमचं गाव लहान आहे."

त्या हसल्या. लगेच हो मात्र म्हणाल्या नाहीत, अटी घातल्या. आणखी दोन बुधवार लॉर्नाने संत्री टोचून दाखवली पाहिजेत, डॉक्टर ऑर्व्हिल परत यायला कबूल झाले पाहिजेत; आणि ते पत्र त्या स्वतः बदलून लिहितील, कारण खंड लिहिला की शिक्षा असेल तर कुणीच लिहिणार नाही. जाताना त्यांनी विचारलं की इथे चांगले बूट कुठे मिळतात.

ऑर्व्हिल यांना आणायला लॉर्ना पाइनव्ह्यूला गेली. ते आल्माला भरवत होते. लॉर्ना शेजारी बसली. डॉक्टर म्हणाले की त्यांचं वय झालं, आणि ते नव्हते हे खरंच आहे. लॉर्ना म्हणाली, "तुम्ही नव्हतात. पण माइच्या हातात होतात. मी दोन्ही बाजू मांडून बघितल्या, डॉक्टर. बाकी अजून तुमच्याच बाजूला निघते." मग तिला वाटलं आपण फार गोड बोललो, म्हणून लगेच म्हणाली, "आणि तुम्ही नाही आलात तर मागच्या खोलीत मी पुन्हा गालिचे ठेवीन."

आल्माने डॉक्टरांच्या हातातला चमचा ढकलून लॉर्नाकडे बोट दाखवलं. ही कोण, असा अर्थ असावा. डॉक्टर म्हणाले, "ही? ही आपली लॉर्ना. उलटी आली होती, पायांकडून. तेव्हापासून सरळ व्हायला वेळ घेते."

कॉन्ट्रास्ट पुन्हा सुरू झाला तेव्हा हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर मांडलेल्या मासेमारीच्या झोपड्या बर्फ पातळ झाल्याने काठाला ओढून आणल्या होत्या. बेव्हला तिथे काहीच काम नव्हतं. हार्विकमध्ये ज्याला हे औषध चालत नाही असा एकच माणूस, तो म्हणजे ती. तरी ती लिंबाच्या वड्यांचं ताट घेऊन आली आणि बाहेरच्या खुर्चीत बसली. पहिल्या पेशंट नेल्सनबाई. एक डोळा झाकलेल्या, दुसऱ्याने सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या.

आतून माइचा आवाज आला, "डॉक्टर?"

मागच्या खोलीतून उत्तर आलं, "आहे."

दुपारी ऑर्व्हिल कान झाकणारी टोपी घालून पलीकडे गेले. थंडी आता तेवढी नव्हती, पण लॉर्ना बघत होती. सीटीच्या खोलीतल्या पडद्यावर ॲरिझोनातली एक डॉक्टर दिसू लागली. तिच्या मागे खिडकीत लख्ख ऊन होतं, एवढं की नेल्सनबाईंनंतरच्या पेशंटने तिला विचारलं, तुमच्याकडे भाड्याने खोली मिळेल का. लॉर्ना सुईच्या ट्रेशेजारी उभी होती. तिने घड्याळाकडे पाहिलं, आणि मग घड्याळाकडे पाठ केली.

"डॉक्टर?" माइने विचारलं.

"आहे," पडद्यातून आवाज आला. "इथे आहे. सगळं दिसतंय मला."

माइने लॉर्नाकडे पाहिलं. लॉर्नाने मान हलवली. माइने बटण दाबलं.

बाहेर बेव्हने लिंबाच्या वडीचा तुकडा तोडला. हिरवी टोपी पुन्हा खुंटीवर होती. आता तिच्याकडे बघून कुणी काही करत नव्हतं. ती फक्त टोपी होती, आणि तिला जरा धुवायला हवं होतं.

"वाईट नाही," बेव्ह म्हणाली. ती वडीबद्दल बोलत होती असं लॉर्नाने धरून चाललं.